चंदाभाभीचं परस

निमखेडी, ता. अमळनेर
१२ जुलै २०२४

चंदाभाभी,

तुझा अर्पित मला म्हणतो, "मावशी, आजकाल पत्रं कोण लिहितं, व्हिडिओ कॉल करत जा." त्याला सांग, तुझ्या आईला एका कानानं ऐकू येतं आणि दिसतं त्याहून कमी, मग व्हिडिओत मी काय नाचून दाखवू? फोनवर तू नुसती "हां, हां" करतेस आणि मला इकडे कळतं की यातलं काही पोचलं नाही. त्यापेक्षा हे बरं. तुझी नात पलक वाचून दाखवेल, नाही समजलं तर परत वाचेल. अंगणवाडीत जन्मभर रजिस्टरं भरली, तो हात अजून चालतो.

पावसाचं विचारलंस. पडतो, पण मन लावून पडत नाही. कपाशी उगवली आहे आणि बाया निंदणीला लागल्या आहेत. बाकी गाव रुपचंदच्या टपरीवर बसून आभाळाकडे बघतं आणि एकमेकांना तेच ते सांगतं.

आता तुझ्या परसाचं सांगते, नाहीतर पत्र फाडशील. कारल्याचा वेल न्हाणीच्या पत्र्यावर चढला. तोंडलीला मांडव कमी पडतोय. गवार कोवळी आहे, मी रोज तोडते आणि रोज तुझ्या नावानं बोटं मोडते, कारण एकटीला किती गवार लागते? जाताना न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर उसाच्या कांड्या पुरून गेलीस ना, तो ऊस आता मांडीला लागतो. किल्ली माझ्याकडेच आहे. अमृतलालभाऊंच्या फोटोवरची धूळ पुसते. दुकानाचं शटर मात्र मी उघडत नाही, त्या रिकाम्या फळ्या बघवत नाहीत.

महिन्याभरासाठी म्हणून सुरतेला गेलीस, चार महिने होत आले. त्यात हे वर्षीतप धरलंस. एक दिवस निरंकार उपास, एक दिवस जेवण, तेही सूर्य असेपर्यंत. बहात्तर वर्षांच्या बाईनं, डोळ्यांत काचबिंदू असताना. तुला अडवणारी मी कोण, पण उपासाच्या दिवशी जिना उतरू नको एवढं ऐक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुझं पारणं. तुमच्यात त्याला उसाचाच रस लागतो, म्हणून तर ऊस लावून गेलीस. ये. माझ्या हातानं पाजते.

गुडघे आहेत तसेच आहेत. त्यांचं काय विचारायचं.

तुझी हेमा


निमखेडी
६ नोव्हेंबर २०२४

चि. अर्पित,

हे पत्र तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरच्या नाही. कारण तुला कळेलच.

भाऊबीज झाली आणि परवा सकाळी जेसीबी आला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. मला वाटलं ग्रामपंचायतीच्या गटारीचं काम असेल. त्यानं आधी तुमच्या परसाची भिंत आडवी केली, मग न्हाणी, मग आत शिरला. मी धावत गेले तर तो पोरगा म्हणतो, "आजीबाई, मांगे सरका, जागा विकायनी शे." कुणाला विकली? तर धरणगावच्या एका पार्टीला, दुकानांचे गाळे काढायला. हे मला जेसीबीवाल्यानं सांगावं? जिच्या घरात तू रांगलास आणि जिच्या मांडीवर तुझे कान टोचले, तिला तुला एक फोन करता आला नाही?

मग मीच फोन केला तर तू म्हणालास, "मावशी, आईला सांगू नका." बरं. तुझंही समजतं. दुकान बंद, घर बंद, वाळवी लागली होती. विकायचं तर विक, तुझ्या बापाचं होतं. पण आईचा अंगठा कोणत्या कागदावर घेतलास, तिला काय सांगून घेतलास, ते तुझं तू जाण.

तुझ्या आईनं त्या परसात कधी जमिनीखालचं काही लावलं नाही. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मुळं उपटली की जीव जातात म्हणायची. वाफ्याला पाणी देताना आधी मुंग्यांची रांग बघायची, मग तांब्या ओतायची. तिथं आता माणूस उभा बुडेल एवढा खड्डा आहे. ऊस चांगला पुरुषभर झाला होता. तो त्या पोरानं तोडून कुणाच्या म्हशींना घातला.

डॉक्टर म्हणतात तिला धक्का बसू नये, उपासानं आधीच अशक्त झाली आहे, हे तू म्हणालास म्हणून मी गप्प बसते. पण किती दिवस, ते मला विचारू नको. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. तिच्याशी येत नाही.

हेमलता मावशी


निमखेडी
२४ नोव्हेंबर २०२४

चंदाभाभी,

पत्राला उशीर झाला. दिवाळीची आवराआवर, दुसरं काही नाही.

थंडी पडायला लागली. सकाळी पाण्याच्या हंड्यातून वाफ निघते. कापूस वेचायला मजूर मिळत नाही म्हणून जो तो ओरडतोय. सुगंधाबाईला मलेरिया झाला होता, आता हिंडते-फिरते. तुझी आठवण काढत होती. म्हणाली, "चंदा शेठाणी ऱ्हाती, ते गुळवेलना काढा आनी देती." मी म्हटलं, ती नाही तर मी देते, तर म्हणते कशी, "तुना हातना कडू लागस." तुझा काय मध लावलेला होता?

तुझं परस ठीक आहे. कारलं संपलं, वेल काढून टाकला. तोंडली अजून येतात. मेथीचा वाफा केला आहे. वालाच्या शेंगा भिंतीवरून माझ्या बाजूला लोंबतात, त्या मी माझ्या समजून तोडते, तू काही बोलू नको. ऊस उभा आहे. पानं वाळली की पाचट काढते.

तू विचारलंस की संध्याकाळी परसात कोण बसतं. मी बसते. "हेमा, ताक शे का?" असं भिंतीपलीकडून कुणी विचारत नाही, म्हणून ताक उरतं.

तुझी हेमा


निमखेडी
१६ जानेवारी २०२५

चंदाभाभी,

प्रेमराज साड्यांचा माल भरायला सुरतेला निघाला होता, त्याच्या हातून तीळगूळ आणि वालपापडीची पिशवी दिली. मिळाली असं पलकनं कळवलं. तू शेंगा हातात घेऊन हुंगल्यास आणि म्हणालीस, "माझ्या भिंतीवरची आहे." पलकनं हे लिहिलं तेव्हा मी ते पत्र दोनदा वाचलं.

हो, तुझ्याच भिंतीवरची.

थंडी यंदा फार आहे. माझ्या छातीत मध्ये कळ यायची, म्हणून अमळनेरला दाखवून आले. वय झालं म्हणाले, गोळ्या दिल्या. तुझ्या डोळ्यांत थेंब घालायला कोण असतं? उपासाच्या दिवशी थेंब चालतात का, ते तुमच्या साध्वी महासतीजींना विचारून घे. नाहीतर तू आपल्या मनानंच बंद करून बसशील.

उसाचं तीन वेळा विचारलंस एका पत्रात. किती गं तुला त्या उसाची काळजी? आहे. उभा आहे. माझ्या डोक्याच्या वर गेला. कांड्या जाड झाल्यात, रंग चढलाय. मागच्या वाऱ्यात दोन आडवे झाले, त्यांना सुतळीनं बांधून घेतलं. न्हाणीचं पाणी पुरत नाही म्हणून मी हंड्यानं घालते. आखाजीपर्यंत साखर भरेल. लोखंडी चरक रुपचंदकडे आहे, तो आदल्या दिवशी धुऊन ठेवायला सांगेन, म्हणजे त्याला दुसऱ्या कशाचा वास नको. तू ओट्यावर बस, अंगणात तुझ्या माणसांना बसव, रसाचा पहिला पेला मी देईन.

लिहिताना मला खरंच दिसतं सगळं. तू येशील ना?

तुझी हेमा


निमखेडी
२७ फेब्रुवारी २०२५

चि. अर्पित,

पलकचं पत्र आलं. तुझ्या आईनं महासतीजींसमोर हात जोडून नियम घेतला आहे, तुला माहीत असेलच. आखाजीला पारणं करीन तर माझ्या निमखेडीच्या परसातल्या उसाच्या रसानं, नाहीतर पारणं करणार नाही, उपास पुढे चालू. पलकनं लिहिलंय की दादी फार आनंदात आहे, महासतीजींनी तिच्या भावनेचं कौतुक केलं, गाडी ठरवायला सांगितली.

हे माझ्या शब्दांनी झालं. उभा आहे, जाड झाला, साखर भरेल. तिला बरं वाटावं म्हणून लिहीत गेले आणि लिहिता लिहिता मलाच बरं वाटायला लागलं. तिनं माझ्या शब्दावर देवासमोर शब्द दिला.

तुला फोन केला तर तू हसलास. "मावशी, एवढं काय त्यात? बाजारातून चांगला ऊस आणा, तुमच्या अंगणात रस काढा. आईला दिसत नाही. गाडीतून उतरून सरळ तुमच्या ओट्यावर बसेल, रस घेईल, परत निघू." असं म्हणालास. सोपं आहे. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. एक दिवस तरी ती येईल, माझ्या ओट्यावर बसेल, मी तिच्या हाताला धरीन. तुला सांगितलं नव्हतं, ते सांगते. अमळनेरच्या डॉक्टरनं माझ्या हृदयाची झडप खराब आहे म्हणून सांगितलंय. एसटी बंद, रेल्वे बंद, जिना बंद. मी सुरतेला येऊ शकत नाही. म्हणजे ती इथं आली तरच आमची गाठ, नाहीतर नाही. हे तुझ्या लक्षात यावं म्हणून लिहिते.

आता हे वाच. ती वर्षभर एक दिवसाआड नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहिली. उन्हाळ्यात राहिली, आजारात राहिली. आणि शेवटच्या दिवशी मी तिच्या हातात असा पेला देऊ, ज्यानं तिचा नियम मोडेल आणि तिला कळणारही नाही? तिला दिसत नाही हे खरं. पण नियम तिनं घेतलाय, तो तिच्यापाशी आहे, आणि मोडणारी मी होईन. तुझा-माझा देव वेगळा असला तरी एवढं मला कळतं. अंगणवाडीत दुसऱ्याच्या पोराला उपासाच्या दिवशी चुकून बिस्कीट दिलं तरी मला रात्रभर चुटपुट लागायची.

तू तिला सांग. तू मुलगा आहेस, तुझं काम आहे. होळीपर्यंत वाट बघते. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.

हेमलता मावशी


निमखेडी
३ एप्रिल २०२५

पलक बेटा, हे पत्र आधी मनात वाचू नको. दादीजवळ बस आणि वाचत जाशील तशी मोठ्यानं वाच. मध्येच थांबून पप्पांना विचारायला जाऊ नको. दादीनं आज जेवलेलं असू दे. उपासाचा दिवस असेल तर उद्या वाच.

चंदाभाभी,

होळी झाली, पाडवा झाला. अर्पित सांगेल म्हणून थांबले होते. त्याच्याच्यानं होत नाही असं दिसतं. त्याच्यावर चिडू नको, तुला काही होईल याला तो घाबरतो.

तुझं घर नाही. दिवाळीनंतर पाडलं. जागा विकली आहे. परस नाही, न्हाणी नाही, भिंत नाही. ऊसही त्याच दिवशी गेला.

मेथीचा वाफा मी माझ्या अंगणात केला होता. वालपापडी माझ्या कुंपणावरची होती. तू ती हुंगून तुझी म्हणालीस आणि मी हो म्हटलं. सुतळीनं ऊस बांधला, हंड्यानं पाणी घातलं, हे सगळं मी माझ्या ओट्यावर बसून लिहिलं. समोर खड्डा होता.

मला वाटलं होतं की ती तिकडे बसून हिरवं-हिरवं ऐकते आहे, ऐकू दे, काय बिघडतं? मग तू नियम घेतलास. आता बिघडतं. मी बाजारचा ऊस आणून तुला पाजला असता तर तू खुशीनं प्यायली असतीस आणि मी आयुष्यभर तुझ्याकडे बघू शकले नसते. तुला दिसत नाही, पण मला दिसतं ना.

महासतीजींना सगळं सांग. तुझ्या चुकीनं काही झालेलं नाही, मी फसवलं म्हणून झालं, असं सांग. त्यातून काही वाट असेल ती काढा. पारणं कर भाभी. हट्ट करून उपास पुढे ओढू नको. तुझ्या अंगात आता काही उरलेलं नसेल.

आणि ये. उसासाठी नको. तशीच ये. माझ्याकडे चटई आहे, माठ आहे, ताक आहे. सूर्य मावळायच्या आत जेवायला घालीन, कांदा-लसूण घरात ठेवणार नाही. गाडी ठरली आहे ना, ती रद्द करू देऊ नको.

ऊन आत्तापासूनच तापतंय. निघालात तर पहाटे निघा.

तुझी हेमा


निमखेडी
३ मे २०२५

चंदाभाभी,

पलकचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. पत्र तिनं न गाळता वाचलं, चांगली पोरगी आहे. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. दुसऱ्या दिवशी ती पानं परत वाचायला सांगितलीस. मग महासतीजींना बोलावलंस. त्यांनी प्रायश्चित्त देऊन नियमातून मोकळं केलं. आखाजीला तिथंच, सगळ्यांबरोबर पारणं झालं. अर्पितनं रसाचा पेला दिला, तू तो घेतलास, आणि अर्पित लहान पोरासारखा रडला. ऐकून माझा जीव भांड्यात पडला. एक महिना मला घास गोड लागत नव्हता.

इथली आखाजी सांगते. पोरीबाळी माहेराला आल्या होत्या, निंबाला झोके होते, दुपारपर्यंत गाण्यांचा आवाज होता. मी आमच्या ह्यांच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या केल्या, पितरांसाठी विस्तवावर घास घालून आगारी टाकली. तुझ्यासाठी वेगळ्या तुपातल्या केल्या होत्या. मला माहीत होतं गाडी रद्द झाली म्हणून, पलकनं आधीच कळवलं होतं. तरी केल्या. सुगंधाबाईनं खाल्ल्या.

तुझ्या जागेवर आता पायाचं काँक्रीट झालं. सळया वर आल्या आहेत. मजूर जळगावकडचे आहेत, दुपारी माझ्या ओट्यावर सावलीला बसतात, पाणी मागतात. त्यांच्यातल्या एका बाईला दिवस गेलेत, तिला मी ताक देते. ऊन असं आहे की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. गोळ्या घेते आहे. हे सगळं खरं लिहिलंय, यात माझ्या मनाचं काही नाही.

तुझा निरोपही पलकनं सांगितला. तिला तो सांगायचा नव्हता, मी खोदून विचारलं. तू म्हणालीस, "हेमाला सांग, मी रागावलेली नाही. पण परस गेलं, आता येऊन काय करू? डोळे गेले ते बरंच झालं. आत जे दिसतं ते तसंच राहू दे."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बरोबर आहे तिचं. स्वतःच्या घराचा खड्डा चाचपायला कोण येईल? मग मी भांडी घासायला बसले आणि मला राग यायला लागला. अजून जात नाही, म्हणून लिहिते.

भाभी, तुझं घर विकलं, दुकान विकलं, परस विकलं. मला कुणी विकलेलं नाही. मी आहे तिथंच आहे. पंचेचाळीस वर्षं आपण भिंतीच्या दोन बाजूंनी बोललो, पाऊस, पाठ, पोरं, पापड, सगळं. तू आजारी असताना मी तुझे वाफे शिंपले, माझे हे गेले तेव्हा तू उपाशी राहून माझ्या तोंडात घास घातलास. ते सगळं परसासाठी होतं का? तू "परस गेलं, आता येऊन काय करू" म्हणालीस, तेव्हा मी आठवले नाही का तुला? एकदाही?

मी सांगितलं नसतं तर तू आली असतीस. हे मला पत्र टाकायच्या आधीही माहीत होतं. पोस्टाच्या पेटीसमोर उभी राहून मी तेच म्हटलं मनात, की हेमा, हे टाकलंस तर ती बहुतेक येणार नाही. तरी टाकलं, कारण तुझं तप माझ्यापेक्षा मोठं होतं. पण कुठंतरी वाटत होतं की येईल. घर नसलं तरी येईल.

मला येता येत असतं तर मी कधीच आले असते. रांगत आले असते. तुला येता येत होतं, गाडी दारात होती, आणि तू आली नाहीस.

डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा.

हेमलता